सोडलेल्या पानांच्या बाई

तुम्ही शेवटचं जुनं पुस्तक कितव्या पानावर सोडलंत?

जुनं म्हणजे आजोबांच्या पिढीने डोक्यावर घेतलेलं, शाळेत ‘वाचलंच पाहिजे’ म्हणून सांगितलेलं, आणि कुणाच्या घरी कपाटात दिसल्यावर तुम्ही ‘हो हो, वाचलंय ना’ म्हणून मान हलवलेलं. खोटं बोलू नका. पान आठवत नसेल तर निदान का सोडलंत ते सांगा. कंटाळा आला? भाषा कळेना? की मध्येच कुठेतरी तुमच्यासारखं कुणीतरी आलं आणि लेखकाने त्याला दाराबाहेर बसवलं?

हा प्रश्न माझा नाही. घाटकोपर पूर्वेच्या एका वाचनालयात ग्रंथपाल बाई होत्या, त्यांचा आहे. पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येकाला त्या तो विचारायच्या. ‘कसं वाटलं?’ असं त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, “कसं वाटलं विचारलं की लोक लग्नातल्या जेवणासारखं ‘छान’ म्हणतात. मला पान सांग.”

काउंटरवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. त्यात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे बोटभर रुंदीचे तुकडे. पुस्तक अर्धवट सोडलं तर ज्या पानावर सोडलं तिथे चिठ्ठी ठेवायची, हा बाईंचा नियम. पान, कारण, खाली सही. “सोडायचं तर लेखी सोडा. संसारसुद्धा लेखी सोडावा लागतो,” असं त्या नवीन सभासदाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. बिचारा पावती घेऊन जिन्यावरून उतरताना दोनदा मागे वळून बघायचा.

मागच्या भिंतीला जुन्या साहित्याची सहा कपाटं होती. त्यातल्या पुस्तकांतून चिठ्ठ्यांची टोकं अशी बाहेर आलेली असायची, की प्रत्येकाला आठवड्याभराची दाढी वाढलीय असं वाटावं. मी सुरुवातीला पुस्तकं वाचलीच नाहीत, चिठ्ठ्याच वाचल्या. एकात होतं, ‘पान १९. अजून डोंगराचंच वर्णन चालू आहे. मी विक्रोळीला राहतो, मला डोंगर रोज दिसतो.’ दुसरीत, ‘पान ८. वाक्य सुरू झालं तेव्हा पंखा चालू होता, संपलं तेव्हा लाईट गेले होते.’ एक मला पाठच आहे. ‘पान १४०. नायिका परत रडतेय. मला डबे भरायचेत. सोडते.’ त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘ताई, दोन पानं थांबायचं होतंत. ती घर सोडून जाते.’ आणि त्याच्या खाली पुन्हा पहिलंच अक्षर. ‘वाचलं. थँक्यू. मीही विचार करतेय.’

बाईंना माणसांची खोड ठाऊक होती. जिथे आधीचा थांबला त्याच्या पुढचं पान पुढचा माणूस हट्टाने वाचतो. अशी पानापानाने, एकाच्या कंटाळ्यावर दुसऱ्याचा हट्ट रचत, त्या कपाटातली पुस्तकं वाचली जात होती. ती कुणी पूर्ण वाचली असतील असं नाही, पण सगळ्यांनी मिळून वाचली होती.

बाईंची दुसरी खोड जास्त बदनाम होती. बाईंनी जुन्या पुस्तकांच्या प्रस्तावना शिवून टाकल्या होत्या. खरोखर, गोधडीच्या सुईने, पांढऱ्या दोऱ्याने. पुस्तक उघडलं की पहिली वीस-पंचवीस पानं एकमेकांना टाचलेली. पुस्तकांचं नुकसान होतंय म्हणून कार्यकारिणीने त्यांना पत्र दिलं. बाईंनी खाली लिहून दिलं, ‘प्रस्तावना म्हणजे आधीच्या पंगतीची ढेकर. आपलं जेवण झाल्यावर ऐकावी. पुस्तक पूर्ण करणाऱ्याला मी स्वतः दोरा उसवून देते.’

आणि ‘अभिजात’ हा शब्द. तो काउंटरसमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा एक निवृत्त गृहस्थ आले आणि मोठ्याने म्हणाले, “हल्लीच्या पोरांना अभिजात वाङ्मय पेलत नाही हो.” बाईंनी मागे न बघता हाताला आलेलं पुस्तक काढलं, मधूनच उघडलं.

“वाचा. इथून. मोठ्याने.”

गृहस्थांनी चष्मा चढवला. अर्ध्या पानात तीनदा अडखळले.

“या शब्दाचा अर्थ काय?”

“संदर्भाने कळतो.”

“सांगा मग संदर्भाने.”

गृहस्थ मागचं पान उलटायला लागले. बाईंनी डबा पुढे सरकवला. “घ्या चिठ्ठी. पोरांनापण संदर्भच हवा असतो ना, तो द्यायला कुणी बसत नाही त्यांच्याबरोबर. लिहा, पान दोनशे सात.”

नायलॉनची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, कागदातली शेव खाऊन झाली की तो कागदही वाचायची सवय. मला त्या ‘पत्रकवाली’ म्हणायच्या.

ते खरंच होतं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. माझे पप्पा कुर्ल्याच्या छापखान्यात मशीनवर. आमचे लोक जालन्याकडून आलेले, वस्ती हायवेच्या पलीकडची. जयंतीची, मोर्च्याची, संपाची, सभेची, जी पत्रकं पप्पांच्या मशीनवरून गेली त्यातलं एकेक घरी आलं. डब्यांखाली पत्रकं, ट्रंकेत पत्रकं. मी अक्षरं त्यावर शिकले. पत्रकात पहिल्या ओळीला कळतं कोण कुणाला मारतंय. डोंगराचं वर्णन करायला पत्रकात जागा नसते. मी वाचनालयात आले ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला, घरात जागा नव्हती म्हणून. जुनी पुस्तकं हातात घेतली की मला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. एवढं बोलतोय हा माणूस, आणि बोलत काहीच नाही.

“तुला शेवट आधी लागतो गं,” बाई म्हणायच्या. “पत्रक म्हणजे फटाका. वाजला, संपला.”

“आणि तुमचं पुस्तक म्हणजे ओली वात.”

“असू दे. वात आहे ना पण?”

बाईंनीच एका दुपारी ती कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, तिची जाहिरात मला करायची नाही. तीनशेवर पानं, फाटका कापडी पुठ्ठा. मी चिकाटीने वाचत गेले. तालेवार घर, कज्जा, विधवा बहीण. साठ पानं गेली आणि मला चक्क आवडायला लागली होती, हे सांगितलंच पाहिजे. विधवा बहीण फार जिवंत होती.

मग पान एकसष्ट. कज्ज्यात साक्ष द्यायला एक माणूस येतो. आमच्यातला. त्याला नाव नाही, फक्त जात आहे. तो ओट्याखाली बसतो. त्याला वरून पाणी ओततात आणि तो ओंजळीने पितो, त्यातलं निम्मं त्याच्या अंगावर सांडतं, आणि लेखकाला याची गंमत वाटते. पुरं अर्धं पान गंमत वाटते. त्याचे दात, त्याचं हसणं, अंग झटकणं. ओट्यावरची सगळी मंडळी हसतात. ती विधवा बहीणसुद्धा हसते.

मी पुस्तक काउंटरवर आपटलं.

“पान?” बाई म्हणाल्या.

“एकसष्ट.”

त्यांनी ते उघडलं, वाचलं. मग वेळ घेऊन पुन्हा वाचलं. डबा पुढे केला. “लिही.”

“चिठ्ठी नाही लिहिणार. पत्रक लिहीन. हे पुस्तक इथून गेलं पाहिजे.”

“लिही की पत्रक. पण पुस्तक पूर्ण वाचून लिही.”

“तुम्हाला सोपंय, बाई. तुमची माणसं ओट्यावर बसलीत त्यात.”

आजूबाजूला अभ्यास करणारी पोरं वर बघायला लागली. मला वाटलं आता बाई भडकणार.

“हो,” त्या म्हणाल्या. “माझी ओट्यावर आहेत. तीस वर्षांत हे पुस्तक मी चार वेळा वाचलं. या पानावर एकदाही थांबले नाही. कुणीच थांबलं नाही, बघ, एकपण चिठ्ठी नाही इथे. तू पहिली थांबलीस. ते लिहून ठेव गं इथे. पुढचा माणूस या पानावरून सुखाने जाता कामा नये.”

मी चिठ्ठी घेतली नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझ्या रागाला बोटभर कागद पुरणार नव्हता.

पत्रक एका बैठकीत लिहिलं. मथळा, ‘हा अपमान कपाटात का?’ शेवटची ओळ, ‘असलं साहित्य वाचनालयातून हटवा.’ पप्पांनी मजकूर वाचला, मान हलवली, म्हणाले, “झकास लिहिलंय. पुस्तक किती पानांचं?”

“तीनशेच्या वर.”

“तू किती वाचलं?”

“एकसष्ट.”

“वाचून घे की उरलेलं. मशीन काय पळून चाललीय?”

“पप्पा, हे वाचायला लागतं का अजून?”

ते मशीनकडे वळले. छापलं. रविवारी सकाळी मी वाचनालयाच्या दाराशी उभी राहून वाटलं. बाईंनाही दिलं. त्यांनी घडी घालून घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं आणि जिना चढून गेल्या.

आठवड्याभरात अध्यक्षकाकांनी मला बोलावलं. अध्यक्षकाका म्हणजे बँकेतून निवृत्त, कायम इस्त्रीचा शर्ट, वाचनालयाचं पुस्तक हातात कधी पाहिलं नाही. चहा मागवला. म्हणाले, “बेटा, तुझ्या भावना आम्हाला पोचल्या. असं साहित्य आजच्या काळात शोभत नाही. आम्ही कडक पाऊल उचलतोय.”

मी चहा प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा अध्यक्षाने माझ्या पत्रकासाठी चहा मागवला होता. मला वाटलं आपण जिंकलो.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पाण्याच्या फिल्टरच्या वर लावलेली होती. मी तिथे रोज बाटली भरायचे. ती मी वाचली नाही. बाईंनी मात्र आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं, “उद्या सभा आहे. विषय क्रमांक सहा बघ. ये.”

“कशाला?”

“तू सभासद आहेस. तुला मत आहे. मी पगारी नोकर, मला नाही.”

“बाई, तुमच्या कपाटांसाठी मी हात वर करणार नाही.”

“कपाटं माझी नाहीत गं,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी मला दुसऱ्यांदा विनवलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

पुढचं मी नंतर इतिवृत्ताच्या वहीत वाचलं. सभासदाला ती वही मागता येते, हेही मला उशिरा कळलं. सभेला कोरम, म्हणजे नियमाला लागणारी हजेरी, भरला नाही. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, जे होते त्यांच्यात, पुन्हा सुरू झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. होते सात जण. विषय क्रमांक सहा, ‘वाचकांनी घेतलेला आक्षेप विचारात घेऊन जुन्या साहित्याच्या सहाही कपाटांतील पुस्तके निर्लेखित करावीत व ती जागा वातानुकूलित अभ्यासिकेसाठी वापरावी.’ निर्लेखित म्हणजे नोंदवहीतून नाव खोडलेलं. त्यानंतर ते पुस्तक उरत नाही, रद्दी होते. ‘सर्वानुमते मंजूर.’ खाली परिशिष्ट म्हणून माझं पत्रक चिकटवलेलं, ‘हटवा’ या शब्दाखाली लाल रेघ.

सगळं इतिवृत्त बाईंच्या अक्षरात होतं. सभेचं लेखन करणं ग्रंथपालाचं काम. एकही खाडाखोड नव्हती.

मला एका पुस्तकाचा राग होता. त्यांना सहा कपाटांची जागा हवी होती. जागेचं कारण सांगितलं असतं तर चार म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला असता. माझं कारण सांगितल्यावर कोण बोलणार? माझ्या आज्याच्या ओंजळीतून सांडलेलं पाणी त्यांनी एसीच्या कामाला लावलं.

बुधवारी दुपारी टेम्पो आला. रद्दीवाल्याची माणसं जिन्यातच पुस्तकं फाडत होती, कारण पुठ्ठा वेगळा जातो आणि कागद वेगळा. फाडलं की चिठ्ठ्या गळायच्या. सगळा जिना बोटभर कागदांनी भरला आणि त्यावरून माणसं चढत-उतरत होती. बाई वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर वही. माणूस क्रमांक वाचायचा, बाई खूण करायच्या. एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. मी खाली वाकून चिठ्ठ्या गोळा करायला लागले.

“राहू दे,” बाई वरून म्हणाल्या. “तुझी नाहीये त्यात.”

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. नवीन अभ्यासिका झाली. अध्यक्षकाकांनी मला कोपऱ्यातलं टेबल दिलं, खास. मी तिथे तीन आठवडे बसले. गार होतं. हे मी लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

वर्षभराने मी त्या पान एकसष्टवर लेख लिहायला घेतला. पत्रक नाही, लेख. जुन्या कादंबऱ्यांत आमची माणसं कुठे बसतात, यावर. संपादकांनी मूळ उताऱ्याची प्रत मागितली. मी दुकानात गेले. कादंबरीची नवी आवृत्ती आली होती, गुळगुळीत, बारीक, वर छापलेलं, ‘आजच्या वाचकांसाठी संक्षिप्त’. मी तिथेच उभ्याने चाळली. कज्जा आहे. विधवा बहीण आहे. साक्षीदार नाही. ओट्याखाली कुणी नाही. पाणी नाही, हसू नाही. सगळं घर स्वच्छ, प्रेमळ, वाचनीय. आजचा वाचक म्हणजे मी ना? माझ्यासाठी त्यांनी मलाच त्यातून काढलं होतं.

दोन वाचनालयांत जुनी प्रत विचारली. दोन्हीकडे निर्लेखित. लेख प्रतीशिवायच एका छोट्या मासिकात आला, तर पुढच्या अंकात एका वाचकाचं पत्र. ‘सदर कादंबरी मी नुकतीच वाचली. असा प्रसंग त्यात नाही. लेखिकेने जातीय तेढीसाठी तो रचलेला दिसतो.’ त्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या हातातल्या पुस्तकात तो प्रसंग नव्हता. जो अपमान मी हटवायला निघाले होते तो हटला होता, आणि आता तो झालाच नव्हता.

तेव्हा मी बाईंकडे गेले. त्या बोरिवलीला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. दार त्यांनीच उघडलं. आत घेतलं, चहा दिला, कशाला आलीस विचारलं नाही. खोलीत एकही पुस्तक दिसलं नाही.

“पुढे वाचलंस ते?” त्यांनी विचारलं.

“मिळत नाही आता. तुमच्याकडे असेल म्हणून आले.”

“नोकराने वाचनालयाचं पुस्तक घरी न्यायचं नसतं.” मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “एकशे नव्वदच्या आसपास तो परत येतो.”

“कोण?”

“ओट्याखालचा. तुझा माणूस. कोर्टात येतो.”

मी कप खाली ठेवला. “काय करतो?”

बाईंनी खिडकी सोडून माझ्याकडे बघितलं.

“मी सांगितलं तर ते माझं वाचन होईल. ओट्यावरून केलेलं. चालेल तुला?”

नाही. चालणार नव्हतं. आणि दुसरं वाचन करायला पुस्तकच राहिलं नव्हतं. तो कोर्टात ताठ उभा राहून बोलला असेल, किंवा पुन्हा दात काढून हसला असेल, किंवा सगळ्या ओट्याला त्याने खाली खेचलं असेल. मला माहीत नाही. जी माणसं मला त्याच्याबद्दल सांगू शकतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही, आणि ज्या माणसाने ते वाचायला हवं होतं ती मी आहे.

बाई आता माझा फोन उचलत नाहीत. बरोबरच आहे.

माझा राग मी मागे घेत नाही. पान एकसष्ट घाणेरडं होतं, आणि ते लिहिणाऱ्याला थोर म्हणणाऱ्यांना मी आजही तेच विचारीन, की तुम्ही त्या पानावरून हसत कसे गेलात? पण आता हे विचारायचं तर पान हवं. पुरावा आपल्याकडे ठेवायचा असतो. तो नष्ट करायची घाई त्यांना असते. माझी चूक एवढीच, की त्यांचं काम मी माझ्या अक्षरात करून दिलं.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या जवळच्या वाचनालयाचे सभासद नसाल तर या आठवड्यात व्हा. वार्षिक सभेची नोटीस लागली की उभं राहून शेवटच्या विषयापर्यंत वाचा आणि ‘निर्लेखन’ हा शब्द शोधा. सभेला जा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर घरी जाऊ नका, खरं काम त्या अर्ध्या तासानंतर होतं. पुस्तकांची यादी मागा आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला लावा. आणि ज्या पुस्तकाने तुमचा, तुमच्या आईचा, तुमच्या वस्तीचा अपमान केलाय त्याचं नाव आलं, की सगळ्यात आधी हात वर करा आणि सांगा, हे राहू द्या.